मोठ्यानं वाच

"एकतीस वर्षं वॉर्डात काढली मी. हजारो चादरी घातल्या, बदलल्या, धुण्याला टाकल्या. पण जित्या माणसाच्या तोंडावर कधी चादर ओढली नाही. आणि तू गं? दोन-दोन पदव्या घेतलेली, दोन-दोन संगणक समोर मांडून बसणारी. एका बोटानं ओढून मोकळी झालीस!"

मावशींनी सुरी लाकडी फळीवर आपटली. फरसबीचे चार तुकडे उडून बेसिनात पडले. सून ओट्याला टेकून उभी होती. एका हातात गार झालेला चहा, दुसऱ्या हातात फोन. सकाळी डोळे उघडल्यापासून तो वाजत होता आणि ती प्रत्येकाला तेच वाक्य त्याच आवाजात सांगत होती, "नाही, सर हयात आहेत. हो, आमच्याकडून चूक झाली. हो, दिलगीर आहोत."

"आई, जरा हळू. भिंतीपलीकडे ऐकू जातं."

"जाऊ दे. त्यांना माझ्याआधी कळलंय. मोठ्या सरांच्या दारात काल संध्याकाळी हे एवढं फुलांचं चक्र येऊन उभं राहिलं. दार उघडलं त्यांच्या बाईंनी. आणणारा म्हणतो, इथं सही करा. बाई म्हणतात, कशाबद्दल? आता त्या बिचाऱ्यानं काय सांगायचं?"

सुनेनं फरसबीचे तुकडे वेचून परत फळीवर ठेवले, चहा बेसिनात ओतला आणि पर्स उचलून कामाला निघून गेली. तिचं हे असंच. समोर कोणी भांडायला उभं राहिलं तर मावशींचा जीव रमायचा. ही गप्प राहून समोरच्याचेच हात बांधून टाकायची.

सून कामाला होती त्याच रुग्णालयात मावशी आया होत्या. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ते. तिथे एका रोग्याभोवती सहा डॉक्टर आणि सहा डॉक्टरांमागे बारा शिकाऊ. त्या सगळ्यांची ती एक मावशी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळा दुसरीपर्यंत. "पाटी फुटली आणि शाळा सुटली," असं त्या स्वतःच सांगत. अक्षरं लावून लावून वाचता येई, सही येई, आणि बोलता तर असं येई की वॉर्डातली सिस्टरसुद्धा त्यांच्या वाटेला जाताना दोनदा विचार करी.

सून वरच्या, तिसऱ्या मजल्यावर मेडिसिन विभागात. विभागप्रमुखांच्या दाराबाहेर तिचं टेबल. हुद्दा ‘कार्यकारी सहायक’. मावशी म्हणत, "साहेबाचं तोंड." त्यात टवाळी थोडी आणि खरं जास्त होतं. साहेबांनी नव्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण तिचं. परदेशी पाहुण्यांच्या स्वागताचं पत्र तिचं. कोणाचा निबंध छापून आला तर अभिनंदन तिचं, कोणाची आई गेली तर सांत्वन तिचं. कोणते दोन प्राध्यापक एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि म्हणून बैठकीत कोणाला कुठे बसवायचं, हे तिच्या डोक्यात. साहेबांचा जादा टाय, रक्तदाबाच्या गोळ्या आणि व्हिसाचे फोटो तिच्या खणात. चौदा वर्षं. आणि या सगळ्याखाली सही साहेबांची.

तिच्या कामात मावशींचाही एक वाटा होता, आणि तो विभागात कोणाला ठाऊक नव्हता. महत्त्वाचं काही लिहिलं की सून ते पाठवण्याआधी घरी स्वयंपाकघरात मावशींना मोठ्यानं वाचून दाखवायची. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात या दोघीच. मावशी भाजी निवडता निवडता ऐकायच्या. "थांब. इथं अडकलीस. जिथं वाचणारीची जीभ अडकते तिथं काहीतरी खोटं असतं, नाहीतर फुगवलेलं." सून ते वाक्य खोडायची. निम्म्या जगातल्या डॉक्टरांना गेलेली पत्रं अशी दुसरी पास झालेल्या बाईच्या हाताखालून पास होऊन गेलेली होती, आणि याचा मावशींना मनातून इतका अभिमान होता की त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही.

हे ‘मोठ्यानं वाच’ त्यांना मोठ्या सरांनी शिकवलेलं. मोठे सर म्हणजे विभागाचे आधीचे प्रमुख, आता पंच्याऐंशीचे. फार पूर्वी वॉर्डात एक म्हातारा खाटेवरून पडला. खाटेचा कठडा खालीच राहिला होता. राहिला होता एका शिकाऊ डॉक्टरकडून, पण खापर फुटलं आयाच्या डोक्यावर. वड्याचं तेल वांग्यावर. लिहिलेला कागद पुढे आला: मावशी, इथं सही करा. मावशी म्हणाल्या, "वाचून दाखवा, मग करते." कोणी वाचायला तयार होईना. तेव्हा मोठे सर तिथे आले, त्यांनी कागद घेतला, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर थांबले. चष्मा काढला. म्हणाले, "हे माझ्याच्यानं वाचवत नाही. मग या बाईनं सही कशी करायची?" कागद त्यांनी घडी करून स्वतःच्या खिशात घातला. त्याचं पुढं काय झालं, ते मावशींनी विचारलं नाही. मात्र सरांची खोली झाडताना त्या दिवसानंतर त्यांनी कधी कोपरा सोडला नाही.

त्याच सरांच्या मरणाची बातमी ते जिवंत असताना सुनेच्या हातून गेली होती. म्हणून तर हा राग.

त्यात आणखी एक काटा होता, तो मावशी सुनेला दाखवत नव्हत्या. पंधरवड्यापूर्वी मोठे सर अतिदक्षता विभागात दाखल झाले तेव्हा सुनेनं श्रद्धांजलीचा मजकूर लिहून ठेवला होता.

"जित्या माणसाचं लिहून ठेवतात का गं?" मावशी तेव्हा कडाडल्या होत्या.

"सगळीकडे ठेवतात, आई. ऐन वेळी हात चालत नाहीत."

मग तिनं तो वाचून दाखवला. पदव्या, पदकं, संशोधन. मावशी म्हणाल्या, "हा कुठला माणूस? हे कपाट आहे. माणूस घाल त्यात." आणि त्यांनीच सांगितलं की मोठे सर कधीही खाटेभोवतीचा पडदा झटकन सारून आत शिरत नसत. बाहेर थांबत आणि विचारत, "येऊ का?" आतला रोगी बेशुद्ध असला तरी विचारत. शिकाऊ पोरं हसायची. एकदा एकानं विचारलं, "सर, त्याला ऐकू कुठं येतंय?" सर म्हणाले, "मला येतंय ना."

सुनेनं ते जसंच्या तसं घातलं. वाचताना तिची जीभ कुठेच अडकली नाही. म्हणजे त्या चादरीचं एक टोक मावशींच्याही हातात होतं.

*

सोमवारी संध्याकाळी सून आली ती दोन कागद घेऊन. ताटं मांडली, पण बसली नाही.

"काय ते?" मावशींनी विचारलं.

"एक साहेबांचं मला पत्र आहे. खुलासा मागितलाय. दुसरा माझा खुलासा. गुरुवारी दुपारपर्यंत द्यायचाय."

"दोन्ही कागदांची मांडणी एकसारखी दिसते."

"दोन्ही मीच लिहिलीत."

मावशींच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे साहेबांनी तुला झापलं, ते पत्रही तूच लिहिलंस?"

"मग कोण लिहिणार? त्यांना कुठं येतं!" सून हसली. हसू ओठांच्या कडेला आलं आणि तिथेच मेलं. "पहिल्यांदा मी जरा सौम्य लिहिलं होतं. ते म्हणाले, मॅडम, थोडं कडक करा. मोठ्या सरांच्या घरच्यांना दाखवायचंय."

"आणि तू कडक केलंस."

"केलं."

"शाबास. फाशी द्यायची झाली तर दोरही तूच विणशील. तुझा तो खुलासा वाच. मोठ्यानं."

"आई, नको. तुम्ही सकाळी बोललात ना सगळं. आता—"

"वाच म्हटलं ना."

सुनेनं कागद हातात धरला. "महोदय, रविवारी दुपारी विभागातर्फे जो शोकसंदेश पाठवला गेला, तो कोणतीही खातरजमा न करता, माझ्या... माझ्या..." ती थांबली. कागद दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या नजरचुकीने आणि कोणाचीही सूचना नसताना..."

पुढे तिला वाचता येईना.

मावशींनी खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली. कितीतरी वेळ भातावरची वाफ दोघींच्या मध्ये फिरत राहिली.

"सूचना कोणाची होती?" मावशींनी विचारलं. आवाज बसका.

मग ते बाहेर आलं. रविवारी जेवणाच्या मध्येच फोन आला होता, तो मावशींनाही आठवत होता. "ताटावरून उठवतो मेला, याला घर नाही का?" असं त्या मोठ्यानं म्हणाल्याही होत्या. पलीकडून साहेब सांगत होते की मोठ्या सरांची प्रकृती ढासळली आहे, वॉर्डातून कळलंय, तासाभराचा प्रश्न आहे. शल्यक्रिया विभागाचा प्रमुखही मोठ्या सरांचाच विद्यार्थी. त्याचा संदेश आधी जायला नको. आपल्या विभागाचे सर, आपलाच पहिला गेला पाहिजे. तयार आहे ना? पाठवा.

"मी विचारलं, सर, एकदा वॉर्डात विचारून घेऊ का? ते म्हणाले, मी सांगतोय ना, मॅडम."

"आणि?"

"पाठवला. अकराशे जणांना." सुनेनं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "ताटातलं निवत होतं. तुम्ही ओरडत होता. मी दार लावून घेतलं आणि पाठवला."

"मग तो म्हणाला होता, असं लिही की."

"फोनवरचं बोलणं ते, आई. पुरावा काय? आणि पुढच्या महिन्यात माझा करार संपतो. दर वर्षी त्यांच्या सहीनंच मुदत वाढते. एक सही केली की सगळं मिटतं."

"काय मिटतं? तू मिटतेस." मावशींनी भात वाढला. "पुढं कोणाच्या हातून काही सांडलं की सगळे म्हणतील, ती बाई नाही का, जिनं जित्या माणसाला मारलं. ओरखडा असा राहतो. जेव."

जेवण कोणालाच गेलं नाही. आवरताना मावशींना सकाळची सुरी दिसली. पोरगी गप्प उभी होती, आणि आपण तिला आडवं-उभं घेत होतो. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ म्हणतात ते दुसऱ्याबद्दल म्हणायला सोपं असतं.

*

मंगळवारी मावशी रुग्णालयात गेल्या. फाटकावरचा नवा रखवालदार अडवायला आला, जुना म्हणाला, "अरे, ती मावशी आहे. ती तुला अडवेल." अतिदक्षता विभागातून मोठ्या सरांना बाहेरच्या खोलीत हलवलं होतं. मृत्यूनं नाही म्हटलं होतं, पण हो म्हणायलाही फार दिवस लागणार नव्हते, हे मावशींना दारातूनच कळलं. पायाच्या बोटांचा रंग त्या एकतीस वर्षं वाचत आल्या होत्या. तेवढं वाचायला पाटी लागत नाही.

खाटेभोवती पडदा होता, पायथ्याशी जरासा उघडा. मावशी बाहेर थांबल्या.

"येऊ का, सर?"

आतून आधी खोकला आला. मग बारीक आवाज, "मावशी?"

सरांच्या पत्नी, बाई, उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मावशींकडे पाहिलं ते रागानं नाही, थकून. मावशींनी हात जोडले आणि जे पाठ करून आणलं होतं ते सगळं विसरल्या. "सर, माझ्या सुनेच्या हातून झालं ते. माफी मागायला आले."

मोठ्या सरांनी नाकावरचा मास्क जरा खाली ओढला. बाई "अहो, नको" म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही.

"मी हिला विचारलं, फुलं तरी बरी होती का?"

"यांना चेष्टा सुचते," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

"मुलाकडून वाचून घेतलं मी. मोठ्यानं." दोन वाक्यांमध्ये सर श्वास गोळा करत होते. "चांगलं लिहिलंय. माणसाला आपल्यामागे काय बोलतात ते ऐकायला मिळत नाही. मला मिळालं. पण ते ‘येऊ का’ कोणाला आठवलं? तुमच्या साहेबाला नाही आठवणार. तो कधी पडद्याबाहेर थांबलाच नाही."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुम्हाला आठवलं, होय ना? आणि लिहिलं सुनेनं."

"हो, सर."

"मग तिला सांगा, पुन्हा पाठवायची वेळ येईल तेव्हा एक शब्द बदलू नको." त्यांनी डोळे मिटले. मावशींना वाटलं, झोपले. तेवढ्यात ओठ हलले. "फक्त यावेळी मला विचारून पाठव म्हणावं."

खोलीबाहेर आल्यावर मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या. भेटीला आलेले लोक त्यांना वळसा घालून जात होते. मग उठल्या आणि तिसऱ्या मजल्यावर गेल्या. चौदा वर्षांत सुनेचं टेबल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोलावणं नव्हतं आणि न बोलावता जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

टेबल दाराला इतकं चिकटून होतं की दार उघडलं की खुर्चीच्या पाठीला लागायचं. पाठीवर त्या जागी रंग उडालेला होता. संगणकाच्या पडद्यावर साहेबांचा आठवडा रंगीत चौकोनांत भरला होता. हिरवा, निळा, लाल, श्वास घ्यायला जागा नाही. टेबलावर साहेबांच्या नावाची पितळी पाटी पुसायला आणून ठेवलेली. सुनेच्या नावाची पाटी कुठे नव्हती. एक शिकाऊ डॉक्टर वाकून विचारत होता, "मॅडम, आज हवा कशी आहे आत?" सून म्हणाली, "सुट्टी मागायची असेल तर उद्या या."

दार उघडलं. खुर्चीला लागलं. सून सवयीनं पुढे सरकली.

"मावशी!" साहेब बाहेर आले, हात पसरून. वागायला गोड होते, ते मावशींनाही मान्य होतं. शिकाऊ असताना पहिल्यांदा रक्त काढताना घामाघूम झाले होते, आणि मावशींनीच त्यांना पंख्याखाली बसवून पाणी दिलं होतं. "किती वर्षांनी! अहो, तुमच्या सुनेशिवाय माझं पान हलत नाही. आता ही गडबड झाली खरी, पण काळजी करू नका. चूक कोणाच्याही हातून होते. मी सांभाळून घेतोय त्यांना."

मावशींनी सुनेकडे पाहिलं. सून त्यांच्याकडे बघत नव्हती. टेबलाची कड धरून उभी होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. बोलू नका, असं ती बोटं म्हणत होती.

ज्या जिभेनं तीन मेट्रन आणि एक अधीक्षक पळवून लावले, ती मावशींनी त्या दिवशी दाताखाली धरली. "येते," एवढंच म्हणाल्या. जिना उतरताना त्यांचे गुडघे दुखायला लागले, आणि त्यांना कळेना की ते चढल्यामुळे की गिळल्यामुळे.

घरी रात्रीच्या जेवणाला त्यांनी मोठ्या सरांचा निरोप शब्दशः सांगितला. खुलाशाबद्दल अक्षर काढलं नाही. हे सुनेच्या आणि त्या कागदाच्या मधलं होतं. मध्ये पडायला तिथं मोठे सर लागतात, आपण नाही.

बुधवारी सून गप्प होती. मावशीही. घरात एवढी शांतता मुलाचं जहाज वादळात सापडलं होतं तेव्हाच काय ती झाली होती.

*

गुरुवारी दुपारी वॉर्डातल्या जुन्या सोबतिणीचा फोन आला. मावशींनंतर ती लागलेली, आता तीही निवृत्तीला आलेली.

"मोठे सर गेले हो, मावशी. साडेअकराला. शांतपणे गेले. चादर मीच घातली, डॉक्टरची सही झाल्यावर."

मावशी खुर्चीवर टेकल्या. "बरं केलंस," म्हणाल्या. "सुरकुती नव्हती ना राहिली?"

"नाही. आणि ऐका तर. तुमची सून खाली आली होती. वर तिला साहेबांचा फोन आला म्हणे, संदेश पाठवा म्हणून. ही तिथल्या शिपायाला म्हणाली, आधी बघून येते. सर्व्हर का काय ते बंद आहे सांगा त्यांना, तोवर येते. आली, आणि पडद्याबाहेर उभी राहिली. आत सरांच्या बाई, मुलगा, मी. अन् ही बाहेरून म्हणते, ‘सर, येऊ का?’"

मावशींच्या हातातला फोन कानापासून थोडा दूर झाला.

"मी म्हटलं, पोरी, आता कोण आहे गं ऐकायला? तर म्हणाली, विचारायचं ठरलंय. बाईंनीच मग पडदा सारला. तिचा हात धरून आत घेतलं. ही दोन मिनिटं उभी राहिली, बाईंची माफी मागितली आणि वर गेली. का हो मावशी, हल्ली तिला काही त्रास वगैरे...?"

"तिला काही झालेलं नाही," मावशी म्हणाल्या. "ठेव फोन."

संध्याकाळी सून आली तेव्हा तिच्या खांद्यावर पर्स होतीच, हातात एक कापडी पिशवीही होती. तिनं ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू काढली. चहाचा मोठा कप. कंबरेमागची उशी. एक खुजं रोपटं, कुंडीसकट. नवऱ्याचा जहाजावरचा फोटो. चौदा वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं, आणि पिशवी भरलीही नव्हती.

"उद्यापासून तळघरात, जुन्या केसपेपरांच्या खोलीत," ती म्हणाली. "करार संपेपर्यंत. पुढचं काही नाही."

"संदेश?"

"गेला. एक शब्द बदलला नाही. साहेबांनी सांगितलं होतं, ते पडद्याचं वाक्य काढा, ते वाचून लोक मला विचारतात की तुम्हीही असंच करता का." तिनं रोपट्याची माती बोटानं चाचपली. "नाही काढलं."

मावशींनी ताटं घेतली. भात, भाजी, वाटीभर दही. रोजच्यासारखंच. मग समोर बसून म्हणाल्या, "खुलासा?"

"दिला."

"वाच."

सुनेनं पर्समधून प्रत काढली. आज कागद एकच होता, आणि हातानं लिहिलेला. तिनं तो सरळ धरला.

"रविवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी विभागप्रमुखांनी मला फोन करून शोकसंदेश पाठवण्यास सांगितले. वॉर्डात चौकशी करू का, असे मी एकदा विचारले. त्यांनी ‘मी सांगतोय ना’ म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा विचारले नाही. संदेश पाठवणारा हात माझा होता. दुसऱ्यांदा न विचारण्याची चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल मी सरांच्या कुटुंबीयांची माफी मागितली आहे. बाकीची चूक माझी नाही, म्हणून ती मी लिहून देत नाही."

जीभ कुठेच अडकली नाही.

कागद खाली ठेवला, आणि टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर साहेबांचं नाव. दोघी बघत राहिल्या. थांबला. पुन्हा वाजला.

"गोळ्या सापडत नसतील," सून म्हणाली. "डावीकडच्या दुसऱ्या खणात आहेत." तिचा हात सवयीनं पुढे गेला. अर्ध्यात थांबला. पण ती तो मागे घेईना, आणि पुढेही नेईना.

मावशी उठल्या. ओट्यावरचं धुतलेलं फडकं आणलं, दोन टोकं धरून झटकलं आणि वाजत्या फोनवर पसरलं. चारी कडा नीट केल्या. मग फडक्याखाली तो वाजत राहिला, दबून, आणि थोड्या वेळानं गप्प झाला.

सुनेच्या डोळ्यांतून आता पाणी वाहायला लागलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

"रविवारी चुकलीस," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा विचारायला हवं होतंस. मी दहा वेळा म्हणेन. आणि सोमवारी मी तुला बोलले ते अर्धं चुकीचं बोलले, तेही म्हणते. चौदा वर्षं दुसऱ्याच्या नावानं लिहिलंस, तोवर मला काही कळलं नाही. आज स्वतःच्या नावानं लिहिलंस." त्यांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, खालची सही अक्षर अक्षर लावून वाचली आणि परत ठेवला. "अक्षर बरं आहे तुझं. जेव आता."